पाच किलोची कटती कुठल्या नीतीत बसते?

दिवाळी उलटली की वऱ्हाडात, यवतमाळ-वर्ध्याकडे खेडा खरेदीच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. व्यापाऱ्याचा माणूस घरातल्या गंजीत हात खुपसतो, मूठभर कापूस दाबून पाहतो, "ओल आहे" म्हणतो आणि क्विंटलमागे पाच किलो कापून मोकळा होतो. कापूस कोणाचाही असो, कटती तीच. शेतकरी कुरकुरतो, पण वेचणाऱ्या बायांचे पैसे द्यायचे असतात, कृषी केंद्राची उधारी असते, घरात पाय ठेवायला जागा नसते. गाडी भरली जाते.

ही कटती बरोबर की चूक, असं पारावर विचारलं तर चार तऱ्हेची उत्तरं येतात. एक म्हणतो, दोघांचंही भागतं ना, मग झालं. दुसरा म्हणतो, आधी सांगून कापली तर ठीक, फसवून कापली तर नाही. तिसरा म्हणतो, सगळ्यांना सारखी लावली, अन्याय कुठं? चौथा कटतीवर बोलतच नाही, "त्या माणसाची नियतच खराब आहे" एवढंच म्हणतो. पाश्चात्त्य नीतिशास्त्राची मोठी घराणी हीच आहेत: परिणाम पाहणारं, कर्तव्य पाहणारं, न्याय पाहणारं आणि माणसाचा स्वभाव पाहणारं. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ती शिकवतात खरी, पण उदाहरणं बहुधा परदेशी कंपन्यांची असतात. इथं कापसावरच लावून पाहू.

त्याआधी आकडेमोड, कारण नीतीचे निम्मे वाद आकडा न मांडल्यामुळे लांबतात. हमीभावाच्या खरेदीत कापसाची ओल ८ टक्के धरलेली असते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का भाव कमी होतो आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. ८ टक्के ओलीच्या क्विंटलमध्ये ९२ किलो कोरडा माल असतो, १२ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८८ किलो. ८८ ला ०.९२ ने भागा: ९५.६५. म्हणजे १२ टक्के ओलीला वाजवी कटती ४.३५ किलो झाली. याच रीतीनं १० टक्क्यांना सुमारे २.२ किलो येते आणि १४ टक्क्यांना ६.५.

आता दोन शेतकरी घ्या, दोघांकडे दहा-दहा क्विंटल. एकानं आठ दिवस अंगणात वाळवला, ओल ८ टक्के. दुसऱ्यानं दवातच वेचून ढीग लावला, ओल १४ टक्के. भाव हिशेबाला सोपा म्हणून ७,००० रुपये धरू. सरसकट पाच किलो कापले की पहिल्याचे ५० किलो, म्हणजे ३,५०० रुपये विनाकारण गेले. दुसऱ्याचे ६५ किलो कापायला हवे होते, कापले ५०, म्हणजे त्याला १,०५० रुपये वरून मिळाले. "सगळ्यांना सारखी" या उत्तराची गत इथंच लागते.

फायद्या-तोट्याची वही

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये मांडलेला आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनी सुधारलेला विचार म्हणजे उपयुक्ततावाद. ज्या कृतीतून एकूण सुख जास्त आणि दुःख कमी होईल ती योग्य. कोणाचं सुख, हा प्रश्न नाही. व्यापाऱ्याचं, शेतकऱ्याचं, हमालाचं, सगळ्यांचं एकाच तागडीत मोजायचं. सुख मोजताना ते किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती जणांपर्यंत पोचणारं हे पाहावं, अशी यादीच बेंथम यांनी दिली होती.

व्यापारी माणसाला हा विचार लगेच पटतो, कारण तो वहीसारखा आहे. पण वही अर्धी लिहिली तर गडबड होते. कटतीच्या वहीत व्यापाऱ्याची जमा ३,५०० आणि शेतकऱ्याचा खर्च ३,५०० लिहिला की बेरीज शून्य येते आणि "कोणाचं काही बिघडलं नाही" असं वाटतं. पण रुपया सगळ्यांच्या खिशात सारखं वजन करत नाही. वेचाई किलोला १० रुपये धरली तर तेवढ्यात ३५० किलोची वेचाई निघते. पाच एकराच्या कोरडवाहू घराला तो मोठा दणका आहे, हजारो क्विंटल फिरवणाऱ्याला नाही. पुढच्या वर्षीचा हिशेब तर वहीत आलेलाच नाही. वाळवूनही पाच किलो जाणारच, हे गावाला कळलं की कोणी वाळवत नाही. उलट काही जण गाडी येण्याआधी रात्री गंजीवर पाणी मारतात. (कापूसवाल्यांनी रागावू नये, हे होतं.) ओला कापूस ढिगात तापतो, रुई पिवळी पडते, सरकी खराब होते आणि जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखानदार) गावाचा सगळाच माल खालच्या भावात मागतो. पाच किलोच्या सोयीपायी सगळ्यांचंच नुकसान.

या विचाराचा दोष कुठं उघडा पडतो ते पाहायचं तर अमेरिकेतलं एक प्रकरण बघावं लागतं. फोर्ड कंपनीच्या १९७३ च्या एका टिपणात गाडी उलटल्यावर इंधनगळती होऊन लागणाऱ्या आगींचा हिशेब होता. सुधारणेचा खर्च गाडीमागे ११ डॉलर, गाड्या सव्वा कोटी, एकूण सुमारे १३.७ कोटी डॉलर. समोरच्या रकान्यात १८० मृत्यू, प्रत्येकी २ लाख डॉलर. १८० भाजलेले, प्रत्येकी ६७,००० डॉलर. २,१०० जळालेल्या गाड्या, प्रत्येकी ७०० डॉलर. एकूण सुमारे ४.९५ कोटी. म्हणजे सुधारणा परवडत नाही. हे टिपण फोर्डच्याच पिंटो नावाच्या गाडीच्या मागून होणाऱ्या धडकेबद्दल होतं असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. ते सरकारी नियामकाला दाखवण्यासाठी सगळ्याच गाड्यांबद्दल केलेलं होतं. पण माणसाच्या जिवाला किंमत लावून तो एका रकान्यात टाकला की वही बिनचूक जुळूनही अंगावर काटा का येतो, हा प्रश्न राहतोच. बेंथमच्या वहीत त्याचं उत्तर सापडत नाही, त्यासाठी कांटकडे जावं लागतं.

कांटचा दुकानदार

इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ क्योनिग्सबर्ग नावाच्या बंदराच्या शहरात राहायचा. १७८५ च्या ग्रंथात त्यानं चक्क किराणा दुकानाचंच म्हणावं असं उदाहरण दिलं. एक दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही. लहान मूल आलं तरी त्याच भावानं माल देतो. कांट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण धंदा टिकावा म्हणून वागत असेल तर त्यात नैतिक मोल नाही. उद्या गिऱ्हाईक तुटायची भीती गेली की हाच माणूस भाव बदलेल.

आपल्याकडे पोराला बरणी देऊन तेल आणायला धाडतात, तेव्हा नेमकं हेच पणाला लागलेलं असतं. खेडा खरेदीत तर जास्तच. व्यापारी बाहेरगावचा असतो, पुढच्या हंगामात येईलच असं नाही. "नाव खराब होईल" या धाकावर उभी असलेली सचोटी अशा ठिकाणी टिकत नाही.

कांटच्या दोन कसोट्या व्यवहारात वापरता येतात. पहिली: जे करतोय तो सगळ्यांचा नियम झाला तर माझा हेतू तरी साधेल का? उधार घेताना "दिवाळीला देतो" असं खोटं सांगणारा घ्या. सगळेच तसं सांगू लागले तर उधारीच बंद होईल, मग खोटं सांगूनही मिळणार काय? विदर्भात या कसोटीचा सगळ्यात महागडा धडा बीटी कापसानं, म्हणजे बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेल्या कापसानं, दिला. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची. ती धुऱ्याकडेनं लावायची, म्हणजे तिच्यावर साध्या अळ्या वाढतात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होतो आणि बीटीला न जुमानणारी जात लवकर पसरत नाही. एकेका शेतकऱ्याचा हिशेब असा की माझ्या एकट्याच्या पुडीनं काय होतं? बहुतेकांनी ती फेकली. लांब मुदतीची वाणं आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात ठेवून आणखी वेचा घेण्याचा) सोस ही कारणंही होतीच, पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली तेव्हा त्यात फेकलेल्या पुड्यांचाही वाटा होता. नंतर बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून द्यायला लागले. "सारेच घेतेत, मंग आपणच काहून सोडाव?" या युक्तिवादाला कांटची कसोटी नेमकी उलटवते: सारेच करू लागले तर काय होईल, यावरूनच ते चूक आहे का हे तपासायचं असतं.

दुसरी कसोटी: समोरच्या माणसाला निव्वळ साधन समजू नका. त्याला खरं काय ते माहीत असतं, तर त्यानं या सौद्याला हो म्हटलं असतं का? कटतीच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. ओल मोजायचा मीटर शेतकऱ्यासमोर लावायचा, एकाच जागी नव्हे तर गंजीच्या वर, मधे, तळाशी आणि कडेला. आकडे त्याला वाचू द्यायचे, सरासरी चिठ्ठीवर लिहायची. सकाळच्या दवात मोजलं की आकडा फुगतो, म्हणून वेळही लिहायची. काट्यावर वैधमापनशास्त्र खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते दाखवायचं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी लागते.

कृषी केंद्राच्या काउंटरवर ही कसोटी आणखी कडक होते. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पंपाचा फवारा जोराचा, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, तोंडाला फार तर एक रुमाल. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण लाल असेल तर अतितीव्र विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराला हे पाठ असतं. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला कित्येकदा नसतं, आणि तो दुकानात येतही नाही. मालक बाटली घेऊन जातो. "मी ज्याला विकलं त्याला सांगितलं" एवढ्यावर दुकानदार सुटतो का? कांटच्या बाजूनं पाहिलं तर नाही, कारण धोका ज्याच्या अंगावर आहे त्यालाच माहिती पोचलेली नाही.

या विचाराची मर्यादाही आहे. काय करू नये हे तो छान सांगतो. भाव किती लावावा, नफा किती घ्यावा, खत कमी असेल तर कोणाला द्यावं, इथं तो फारसा बोलत नाही.

चाळीस पोती, सत्तर गिऱ्हाइकं

जूनमध्ये डीएपी खतासाठी दुकानापुढची रांग विदर्भात नवीन नाही. समजा दुकानात ४० पोती आली, मागणारे ७०. वाटायची कशी? जो आधी आला त्याला, ही रीत निष्पक्ष दिसते, पण गावातच राहणाऱ्याला ती सोयीची आणि पहिल्या एसटीनं येणाऱ्याला गैरसोयीची. जुन्या गिऱ्हाइकाला आधी, ही रीत धंद्याला बरी. जो सोबत पाचशेची सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली घेईल त्याला, हे लिंकिंग. ते कायद्यातच बसत नाही, त्यामुळे त्यावर नीतीची चर्चा करण्यात वेळ घालवायची गरज नाही.

जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७१ मध्ये एक युक्ती सुचवली. नियम ठरवताना स्वतःच्या डोळ्यांवर पडदा आहे असं समजा. पडदा उठल्यावर तुम्ही त्या रांगेतले कोणीही असू शकता: ओलिताचे वीस एकर असलेला, दोन एकर कोरडवाहूवाला, बटाईनं शेत करणारा, नवऱ्यामागे शेती पाहणारी आणि सातबाऱ्यावर अजून नाव न चढलेली बाई, किंवा स्वतः दुकानदार. कुठला नियम निवडाल? रॉल्स यांचं म्हणणं, शहाणा माणूस असा नियम निवडेल की सगळ्यात खालच्या जागी असलेल्याची स्थिती शक्य तितकी बरी राहील. मग पहिल्या फेरीत माणशी एक पोतं, त्यातही ज्याला एकच लागतं त्याला आधी. आणि उरलेल्या तीस जणांची नावं वहीत घालून पुढच्या गाडीत त्यांना पहिला नंबर. विक्री आधार लावून पॉस मशीनवरच होते, त्यामुळे कोणी किती उचललं हे लपत नाही. वहीतला क्रम फळ्यावर लावला की वशिल्याची वाट बरीच बंद होते. सगळी नाही.

उधारीचा मध्य

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल कृतीपेक्षा माणसाकडे पाहतो. सद्गुण सवयीनं येतो आणि तो दोन टोकांच्या मधे असतो. कोणालाच उधार न देणारा दुकानदार एका टोकाला, मागेल त्याला देऊन मार्चमध्ये स्वतःच घाऊक व्यापाऱ्यापासून तोंड लपवणारा दुसऱ्या टोकाला. मध्य म्हणजे सगळ्यांना निम्मी उधारी नव्हे. कोणाला, किती, कधी, कशासाठी हे ओळखणं म्हणजे मध्य. बियाण्यासाठी मागणाऱ्याला द्यावं, चौथ्या अनावश्यक फवारणीसाठी मागणाऱ्याला "राहू द्या, आधी शेतात जाऊन अळ्या मोजा" म्हणावं, विक्री बुडाली तरी. हे कुठल्या नियमात लिहून देता येत नाही, म्हणूनच या विचाराला पुस्तकी माणसं थोडं कमी लेखतात. आमच्या मते गावच्या धंद्यात रोज उपयोगी पडणारा विचार हाच. मात्र त्याच्यावर एकट्यावर विसंबलं की "शेठ भला माणूस आहे" एवढ्यावर चुकीचा काटाही चालून जातो.

मालक, वाटेकरी, विश्वस्त

वरचे विचार सगळ्या आयुष्याचे. खास धंद्याबद्दलचे तीन थोडक्यात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये लिहिलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं. हे वाक्य नफेखोरीच्या समर्थनाला सतत वापरतात आणि त्याचा उत्तरार्ध गाळतात: खेळाचे नियम पाळून, खुल्या स्पर्धेत, फसवणूक न करता. म्हणजे लपवलेली कटती फ्रीडमन यांच्याही वहीत बसत नाही. व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये मांडलं की मालकाशिवाय धंद्यात बाकीच्यांचाही वाटा असतो. जिनिंगसाठी ही यादी करा: कापूस देणारे, हमाल, उडत्या रुईत आठ तास श्वास घेणाऱ्या बाया, बँक, शेजारची वस्ती. यादी सोपी आहे. दोघांच्या हितात भांडण लागलं की कोणाचं वरचढ, हे तिच्यातून कळत नाही.

तिसरा विचार इथल्याच मातीत घासून निघाला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्यात आले आणि १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. त्यांचा विश्वस्तपणाचा विचार असा: संपत्ती मिळवावी, पण गरजेपुरती ठेवून बाकीचीचे आपण समाजाच्या वतीनं राखणदार आहोत असं मानावं. यात अडचण एकच, राखणदार स्वतःच राखणदार आणि स्वतःच हिशेबनीस.

जिथं सगळे एकमत होत नाहीत

लपवलेल्या कटतीबद्दल सगळे विचार एकाच बाजूला उभे राहतात. खरी परीक्षा पुढच्या सौद्यात आहे. ऑगस्टमध्ये घरात दुखणं निघतं. सोसायटीचं पीककर्ज आधीच उचललेलं. व्यापारी २०,००० रुपये देतो. बदल्यात दिवाळीनंतर चार क्विंटल कापूस ५,००० च्या भावानं द्यायचा. तेव्हा बाजारभाव ७,००० निघाला तर २०,००० च्या जागी २८,००० चा माल गेला. तीन महिन्यांत ८,००० रुपये, म्हणजे ४० टक्के. वर्षाला १६० टक्के. सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला वार्षिक १२ टक्क्यांची मर्यादा आहे. त्या दरानं तीन महिन्यांचं व्याज ६०० रुपये झालं असतं. सौदा कर्ज न म्हणता आगाऊ खरेदी म्हटला की आकडा दिसेनासा होतो, एवढंच.

परिणाम पाहणारा म्हणेल, उपचार झाला, जीव वाचला, व्यापाऱ्यालाही मिळालं. सौदा नसता तर दोघंही वाईट अवस्थेत असते. ही गोष्ट खोटी नाही, आणि तिच्याकडे डोळेझाक करणारा नीतीचा उपदेश गावात कोणी ऐकत नाही. कर्तव्य पाहणारा म्हणेल, संमती आहे पण ती अडलेल्या माणसाची आहे. त्याच्या दुखण्याचाच भाव लावला गेला. रॉल्सच्या पडद्यामागून पाहणारा कुठल्याही जागी बसायला तयार होईल, फक्त ऑगस्टमधल्या त्या घरात नाही. दोघांचा फायदा होतो म्हणून शोषण थांबत नाही. फायदा दोघांचा असून त्याची वाटणी पिळवणुकीची असू शकते.

इथं आम्ही असा क्रम लावतो. आधी कायदा: सावकारीचा परवाना नसेल तर व्याजाचा धंदा करायचाच नाही. मग कांट: लपवाछपवी किंवा अडवणूक आहे का? असेल तर तेवढा भाग काढून टाकायचा. हे झाल्यावरच फायद्या-तोट्याची वही उघडायची आणि उरलेल्या पर्यायांतून निवडायचं. उलट क्रमानं गेलं की काय बिघडतं ते रोज दिसतं: आधी फायदा मनात पक्का होतो, मग त्याला शोभेल तो विचार शोधला जातो. सापडतोही, कारण विचार चार आहेत.

या क्रमानं वरचा सौदा असा दिसतो. परवाना नसलेल्या व्यापाऱ्यानं ही रक्कम मालाची उचल म्हणूनच द्यावी, व्याज नाही, भाव आधी ठरवायचा नाही. कापूस येईल त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव लावायचा, ७,००० असेल तर ७,०००. चार क्विंटलचे २८,००० झाले, त्यातून २०,००० वळते करून ८,००० चा चुकारा त्याच दिवशी हातात. व्यापाऱ्याला व्याज मिळत नाही, पण चार क्विंटल माल पक्का मिळतो आणि त्यावरचा नेहमीचा नफाही. पीक बुडालं तर उचल पुढच्या हंगामात फिटेल, हेही आधीच ठरवायचं. चिठ्ठी दोन प्रतींत: तारीख, रक्कम, किती माल, भाव कुठला आणि कोणत्या दिवसाचा, ओल मीटरनं मोजून कटती किती. एक प्रत शेतकऱ्याकडे, मराठीत, आणि सही घेण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवलेली.